रील बघून नसते उद्योग?

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज एकत्र काढून बसले तर निम्म्याहून जास्त एकाच सुरातले निघाले, "मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, स्वस्तात होतं म्हणतात, करू का?" म्हणून हा अंक त्यांनाच दिलाय. नावं छापत नाहीये, अर्ध्या लोकांनी तसं सांगितलंच होतं आणि उरलेल्यांचे प्रश्न घरच्यांनी वाचले तर भांडणं होतील असे आहेत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो. हॉलच्या एका भिंतीला ओल आहे, पोपडे निघतात, पाहुणे आले की लाज वाटते. ऑनलाइन ते विटांच्या डिझाइनचे फोमचे स्टिकर मिळतात ना, मागचा कागद काढला की चिकटवायचे, रीलमध्ये एका दुपारात भिंत चकाचक झाली. मालकांना सांगून काही उपयोग नाही. लावून टाकू का?

नका लावू ताई. कोरड्या भिंतीवर ते स्टिकर वाईट नाहीत, भाड्याच्या घरात तर मीच लावा म्हणेन. पण ओल्या भिंतीवर फोम चिकटवणं म्हणजे भिजलेल्या माणसाला वरून रेनकोट घालणं. ओल जात नाहीच, वर वाळायची जी थोडीफार सोय होती तीही बंद. एक पावसाळा गेला की कडा सुटायला लागतात, ओढून काढायला जाल तर मागे काळी बुरशी आणि फोमच्या गमाबरोबर प्लास्टरचा थर हातात. मग त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापणार कोण, तर तेच मालक ज्यांना सांगून उपयोग नाही.

आधी ओल येते कुठून ते शोधा, त्याची एक फुकटची टेस्ट आहे आणि ती कुठल्याही रीलपेक्षा कामाची आहे. हातभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि संशय असलेल्या जागी चारही कडा टेपने घट्ट बंद करून भिंतीला चिकटवा, पोपडे असतील तर आधी खरवडून घ्या नाहीतर टेप धरत नाही. दोन दिवस हात लावायचा नाही. मग बघा, थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमलेत का? तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दमट लागतंय आणि मागे कोरडं आहे? मग ती घरातलीच वाफ, म्हणजे बंद खिडक्या, आत वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट नाही वगैरे, आणि त्यावर उपाय खरंच स्वस्त आहे, हवा खेळू द्या.

भिंतीतूनच येत असेल तर पलीकडे काय आहे ते बघा. पलीकडे बाथरूम असेल तर बहुतेक टाइल्सच्या सांध्यातून. बाहेरची भिंत असेल तर पावसात वाढते, उन्हाळ्यात कमी होते. बाराही महिने सारखीच असेल तर पाइपवर संशय घ्या. आणि भिंतीवर पांढरी पावडर फुटली असेल तर तो खार, कोरड्या ब्रशनेच झाडायचा, ओल्या फडक्याने पुसलात की विरघळून पुन्हा आत जातो आणि महिन्याभरात परत बाहेर.

आता मालकांचं. बाहेरच्या भिंतीची गळती असेल तर ती सोसायटीने करायची असते, गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्येच तसं आहे, फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची किंवा सिंकची गळती मात्र त्या त्या फ्लॅटवाल्याची. सोसायटीला अर्ज मालकांनाच द्यावा लागेल कारण सभासद ते. तुम्ही मजकूर लिहून, फोटो लावून, त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि फक्त सही करा म्हणा. बऱ्याच लोकांना खर्चाचा नाही, अर्ज लिहायचा कंटाळा असतो. तोवर पाहुण्यांसाठी भिंतीपासून चार बोटं लांब दांडी लावून एखादी जुनी साडी सोडा, छान दिसतं आणि मागे हवा खेळते.

प्रश्न : थर्माकोलचा खोका, वर छोटा फॅन, आत बर्फाच्या बाटल्या, "पाचशे रुपयांत एसी" असा व्हिडिओ पाहिला. आम्ही नागपूरचे, वरचा मजला, मे महिन्यात स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकून राहिला असते. पोरगा रोज मागे लागून राहिला, बाबा करू नं. करावं का?

पोराला करू द्या, सुट्टीत एक दिवस छान जाईल. पण थंडाव्यासाठी म्हणाल तर हिशोब करू. एक टनाचा एसी तासाला साधारण ३८ किलो बर्फ वितळेल एवढी उष्णता घरातून बाहेर फेकतो. तुमच्या खोक्यात मावणार दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे चार किलो. म्हणजे तो सगळा बर्फ वितळून त्याचं कोमट पाणी होईपर्यंत जेवढा गारवा मिळेल तेवढा एसी सात-आठ मिनिटांत देतो. वर तो बर्फ बनला कुठे? तुमच्याच फ्रीजमध्ये, आणि त्या फ्रीजने बर्फ करताना पाण्यातली उष्णता मागच्या जाळीतून तुमच्याच घरात सोडलीय, त्यात स्वतःच्या मोटरची भर घालून. म्हणजे हॉल पाच मिनिटं गार आणि स्वयंपाकघर दिवसभर गरम. व्हिडिओवाला फॅनच्या तोंडाशी थर्मामीटर धरतो, खोलीच्या मध्यभागी कधी धरत नाही.

दादा, तुम्ही नागपूरला राहता, तुमच्याकडे याच्यापेक्षा कितीतरी भारी गोष्ट आधीपासून आहे, डेझर्ट कूलर. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता ओढून घेतं तेवढ्यासाठी सात किलो बर्फ वितळवावा लागतो. फक्त हवा कोरडी पाहिजे, आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारइतकी कोरडी हवा अजून कुठे मिळणार. (मुंबई, ठाणे, पनवेलवाल्यांनी हे वाचून कूलर आणू नये, तुमच्याकडे हवाच आधी पाण्याने भरलेली, कूलरने फक्त अंग चिकट होईल.) कूलरच्या जाळ्यांमधलं वाळलेलं, क्षार बसून दगड झालेलं गवत दर वर्षी बदला, कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि समोरची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, ही शेवटची गोष्ट लोक करत नाहीत आणि मग कूलर बिघडला म्हणतात. आत गेलेली दमट हवा बाहेर पडायला वाट नको का?

आणि स्लॅबसाठी चुना. हा उपाय ऑनलाइन फिरतोय तो मात्र खरा आहे. अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा २०१३ मध्ये केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांमधली छतं पांढरी रंगवायला घेतली, तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं. पांढरं छत ऊन परत पाठवतं, साधं आहे. होळी झाली की गच्ची झाडून, धुवून, पूर्ण वाळवून घ्या, विरलेला चुना पाण्यात पातळ कालवा, त्यात चिकटपणाला फेव्हिकॉल, आणि झाडूने किंवा मोठ्या ब्रशने दोन हात मारा, पहिला वाळल्यावर दुसरा. खालच्या खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो, तोही फक्त वरच्या मजल्याला. पावसात निघून जाईल, पुढच्या वर्षी परत. एकच गोष्ट सांभाळा, कळीचा चुना आणून घरी विरवायला जाऊ नका, पाणी पडलं की तो उकळतो आणि उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. विरलेलाच आणा, आणि तरी लावताना चष्मा घाला, मुलाला वर नेऊ नका.

प्रश्न : सिंक तुंबलं की सासूबाई सोडा आणि व्हिनेगर ओततात, फेस आला की म्हणतात बघ कसं साफ होतंय. दुसऱ्या दिवशी परत तुंबतं. त्यांना कसं सांगू? (पुणे)

सांगायचं अवघड काम माझ्यावर ढकललंत, बरं. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात. जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते जवळपास खारट पाणीच, तेलाचा चिकटा त्याला दाद देत नाही. फेस दिसतो, आवाज येतो, म्हणून साफ झाल्यासारखं वाटतं एवढंच.

सिंक तुंबतं ते बहुतेक वेळा तेल, तूप, भाताची शितं आणि चहाची पावडर यांच्या गाळाने, आणि तो बसतो सिंकच्या अगदी खाली. तिथे जो पांढरा वेस्ट पाइप किंवा वाटीसारखा ट्रॅप असतो तो हाताने फिरवून सुटतो. खाली बादली ठेवा, नाकाला रुमाल बांधा, सोडवा, जुन्या ब्रशने घासा, रबरी वायसर जागेवर आहे ना बघून परत बसवा. काम दहा मिनिटांचं आहे, वास मात्र दिवसभर नाकात राहतो. त्याच्याही पुढे तुंबलं असेल तर रबरी पंप. नंतर आठवड्यातून एकदा भांड्याचं लिक्विड टाकून गरम पाणी सोडा, पण उकळतं नको, पीव्हीसीचे पाइप साधारण ६० अंशांपर्यंतच नीट टिकतात, त्याच्या वर सांधे सुटायला लागतात.

आणि हे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा : टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र ओतायचं नाही. "डबल पॉवर" म्हणून हा प्रकार सुद्धा व्हिडिओत फिरतो. त्यातून क्लोरीन वायू निघतो, जो १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच. बंद बाथरूममध्ये थोडासुद्धा पुरे. चुकून झालंच तर काही पुसत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि श्वासाचा त्रास होत असेल तर थेट डॉक्टर.

प्रश्न : चतुर्थी जवळ आली. ॲल्युमिनियम फॉइल, सोडा आणि गरम पाण्याने चांदी नवीकोरी होते असं पाहिलं. निरांजन, ताम्हन, समया, माझे दागिने, सगळं एकदमच टाकलं तर चालेल का? (सावंतवाडी)

सगळं एकदम नको! पण चांदीसाठी हा उपाय एकदम खरा, मी स्वतः तोच सांगते. चांदीवर जो काळेपणा येतो तो हवेतल्या गंधकाचा. फॉइल, सोडा आणि गरम पाणी यांच्यात तो गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे जातो, चांदी जागच्या जागी राहते. पावडरने घासताना दर वेळी चांदीचा बारीक थर निघून जातो तसं यात होत नाही. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या टबात तळाला फॉइल, त्यावर निरांजन असं ठेवायचं की फॉइलला नीट टेकलं पाहिजे, लिटरभर कडक गरम पाण्याला एक मोठा चमचा सोडा आणि तेवढंच मीठ. सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, काम चालू असल्याची खूण आहे. फॉइल काळं पडतं. काढून धुवा, मऊ फडक्याने लगेच पुसा.

ताम्हन तांब्याचं, समई पितळेची, त्यांना यात घालून काही होणार नाही. त्यांना आंबट लागतं, आणि सावंतवाडीत बसून मला हे विचारताय म्हणजे कमाल आहे, घरात आमसुलं असतील ना? भिजवून कुस्करा, मीठ घाला, चोळा, धुऊन लगेच कोरडं करा नाहीतर डाग पडतात.

दागिन्यांचं बघून. साधी चांदीची साखळी, पैंजण चालतील. ऑक्सिडाइज्ड दागिने घातलेत तर मुद्दाम दिलेला काळा रंगच निघून जाईल. मोती आणि चिकटवलेले खडे नकोत. आणि कोल्हापुरी साजासारखे आत लाख भरलेले दागिने तर गरम पाण्याजवळही नेऊ नका, लाख मऊ होऊन बाहेर येते आणि मग सोनाराकडे जाण्याशिवाय मार्ग नाही.

प्रश्न : मुलगा नववीत. यूट्यूबवर बघून बंद पडलेले एलईडी बल्ब उघडतो, जळलेला दाणा शोधून तिथे तार डाखतो आणि बल्ब लागतो! शेजारचेही बल्ब आणून देतात. कौतुक वाटतं पण भीतीही वाटते. (सोलापूर)

दोन्ही बरोबर आहे. त्याला समजलंय की बल्बमधले एलईडी एकामागून एक जोडलेले असतात, एक गेला की सगळी माळ बंद, म्हणून काळा ठिपका पडलेल्याला बाजूला टाकून जोडलं की बाकीचे लागतात. नववीतल्या मुलाला एवढं कळलं हे खूप आहे. पण ते बल्ब फार दिवस टिकत नाहीत, उरलेल्या दाण्यांवर ताण वाढतो, तापतात, पुढचा जातो.

भीतीचं कारण वेगळं आहे. स्वस्त बल्बमध्ये मेनचा करंट आणि एलईडीची पट्टी यांच्यात वेगळेपणा ठेवलेलाच नसतो, म्हणजे वरचं प्लास्टिक काढून होल्डरला लावला तर ती उघडी पट्टी म्हणजे घरातली २३० व्होल्टची वायरच समजा. आणि बंद केल्यावरही आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, थोडा वेळ भरलेला राहतो. त्यामुळे उघडा बल्ब होल्डरला लावून बघायचा नाही, हा नियम घरात आजपासून. त्याला बंद करू नका, पाच व्होल्टच्या यूएसबीवर चालणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या आणि एक मल्टिमीटर आणून द्या, वाट्टेल ते करू दे. शेजाऱ्यांना सांगा दुकान बंद झालंय.

प्रश्न : गोठ्यात दिवसासुद्धा अंधार. पत्र्याला भोक पाडून पाण्याची बाटली बसवली की बल्बसारखा उजेड पडतो म्हणे. खरं आहे काय? (सातारा जिल्हा)

खरं आहे. ब्राझीलच्या उबेराबा शहरातल्या आल्फ्रेडो मोझेर नावाच्या मेकॅनिकने २००२ च्या सुमारास, तिकडे विजेची मारामार असताना, हे काढलं आणि नंतर फिलिपिन्समध्ये हजारो घरांना लागलं. दोन लिटरची पारदर्शक बाटली, स्वच्छ पाणी, शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणं ब्लीच, अर्धी वर उन्हात, अर्धी आत. दिवसा चाळीस ते साठ वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड सगळीकडे पसरतो. रात्री अर्थातच काही नाही, ते व्हिडिओत सांगत नाहीत.

पण काका, खरी मेहनत बाटलीची नाही, भोकाची आहे. साताऱ्याच्या पश्चिमेकडे असाल तर तुमच्या पावसात भोकाची फट बुजवायला लावलेलं सिलिकॉन किती टिकणार, आणि उन्हाने बाटलीही काही वर्षांत पिवळी पडून तडकते. मला विचाराल तर एक पत्रा काढून तिथे पारदर्शक फायबरचा पत्रा टाका. बाटलीपेक्षा महाग पडेल, पण गळणार नाही आणि एका पत्र्यात पाच-सहा बाटल्यांचा उजेड येईल. बाटली तिथे बरी जिथे पत्रा बदलणं परवडत नाही.

थोडक्यात, कारण जागा संपत आलीय

केळीच्या साली भिजवून ते पाणी झाडांना घालणाऱ्या तिघींना : नुकसान नाही, फायदा नावापुरता, चिलटं मात्र भरपूर. साली कंपोस्टमध्ये टाका. अंड्याची टरफलं मिक्सरमधून पीठ करून घाला, मोठे तुकडे वर्षभर तसेच दिसत राहतात.

डासांच्या मशीनच्या रिकाम्या बाटलीत कापूर आणि तेल भरणाऱ्यांना : बंद करा. ती वात आणि हीटर त्या तेलासाठी बनवलेला नाही, काजळी धरते, आणि लहान मुलाने तोंडाला लावलं तर कापराने झटके येतात. खिडकीला वेल्क्रोची जाळी घरी बसवता येते, तो ऑनलाइन उद्योग मात्र जरूर करा. शिवाय आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी पूर्ण ओतून भांडी कोरडी करा.

फेव्हिक्विकवर खाण्याचा सोडा टाकला की दगड होतो हे खरं, रिमोटच्या तुटलेल्या क्लिपला मस्त चालतं. बादलीला नाही, त्या प्लास्टिकला तो चिकटतच नाही. सांडलं तर सुती कापडाने पुसू नका, कापड भसकन तापतं.

प्रश्न : नवऱ्याने एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडून लाकडी पॅलेट आणलेत, सोफा करणार म्हणून. तेव्हा पाडवा होता. आता गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नाही आणि विषय काढला की म्हणतात प्रोसेस चालू आहे. (चिंचवड)

वहिनी, आधी ती लाकडं ठेवायच्या लायकीची आहेत का ते तुम्हीच बघा, त्यांची वाट बघू नका. पॅलेटच्या ठोकळ्यावर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का असतो. शेजारी इंग्रजीत एचटी लिहिलं असेल तर लाकूड तापवून कीडमुक्त केलंय, घरात चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलीय, ते ताबडतोब परत. शिक्काच नसेल आणि तेलाचे, केमिकलचे डाग असतील तर तेही परत, त्यावर आधी काय सांडलं होतं ते कोणालाच माहीत नसतं. टोकाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आतमध्ये कीड आहे, ते आज रात्रीच्या आत गॅलरीबाहेर, नाहीतर दारांच्या चौकटीपर्यंत पोचेल.

यातून जे उरतील त्यांचा सोफा होतो, पण खिळे उपटण्यातच अर्धा जीव जातो, ते पिळाचे खिळे असतात, नुसत्या हातोडीने येत नाहीत. त्यांना म्हणावं सोफा राहू दे, पॅलेट न तोडता चार कोपऱ्यांना पॉलिश पेपर मारून दोन एकावर एक ठेवा, वर गादी टाका, झाली बैठक. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सांगू नका, झोपतील. सकाळी चहाच्या आधी सांगा.